खिडक्या बदलताना कोणता आकडा पाहावा?

महोदय,

जुन्या खिडक्या बदलताना विक्रेते दुहेरी काचेचा यू-मूल्याचा आकडा अभिमानाने दाखवतात. परंतु तो आतबाहेरच्या तापमानातील फरकामुळे वाहणाऱ्या उष्णतेपुरता असतो, आणि आपल्याकडे पश्चिमेच्या खिडकीतून थेट ऊन येत असल्याने सौर उष्णता गुणांक अधिक महत्त्वाचा ठरतो. ० ते १ दरम्यानचा हा गुणांक जितका कमी, तितकी उन्हाची उष्णता आत कमी येते. मात्र गडद काच लावून भरदिवसा दिवे लावण्यात काय मिळवले? म्हणून काचेतून आत येणाऱ्या दृश्य प्रकाशाचे प्रमाणही विचारावे. हे आकडे निव्वळ काचेचे की चौकटीसह पूर्ण खिडकीचे, तेही लेखी घ्यावे, कारण साधी ॲल्युमिनियमची चौकट उष्णता सहज वाहून नेते. घरांच्या ऊर्जाबचतीसाठी केंद्र सरकारने आणलेल्या २०१८ च्या इको निवास संहितेत गुणांकासोबत छज्जाच्या सावलीचाही हिशेब धरला आहे. विक्रेत्यांच्या दरपत्रकांत मात्र या गुणांकाचा उल्लेख क्वचितच आढळतो.

– एक वाचक, नागपूर