दाखला गावात मिळत नाही

गावाकडच्या पेशंटला छत्रपती संभाजीनगरला हलवतात, तिथेच तो जातो आणि माती गावात होते. पुढे सातबाऱ्यावर वारसांची नावे लावायची वेळ आली की घरचे ग्रामपंचायतीत मृत्यूचा दाखला मागायला जातात, आणि तिथे नोंदच नसते. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार नोंद मृत्यू जिथे झाला तिथे होते, इथे ती महापालिकेकडे. मृतदेह ताब्यात देताना दवाखान्यात हे कुणी सांगेल तर शपथ!

महापालिकेच्या खिडकीवर पहिला प्रश्न तारखेचा. घरच्यांना तिथी पाठ असते, पण ‘आषाढ वद्य नवमी’वर रजिस्टरचे पान सापडत नाही. त्यात दवाखान्याच्या कागदावर किसन, आधारवर कृष्णा, सातबाऱ्यावर किसनराव. मग ‘एजंटला भेटा’ हा सल्ला बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून फुकट मिळतो.

वास्तविक याच कायद्याच्या कलम 17 नुसार शुल्क भरून कुणालाही नोंदीचा शोध मागता येतो. नोंद राहूनच गेली असेल आणि वर्ष उलटले असेल, तर 2023 च्या दुरुस्तीनंतर उपविभागीय दंडाधिकाऱ्यांचा आदेशही चालतो. त्यासाठी कोर्टात जावे लागत नाही. खिडकीवर याचा साधा फलकही दिसत नाही.

महापालिकेने दवाखान्याचे नाव आणि अंदाजे महिना एवढ्यावर शोध घ्यावा. दवाखान्यांनीही मृतदेहासोबतच्या कागदावर नोंद कोणत्या कार्यालयात होणार ते मराठीत लिहून द्यावे.

– एक वाचक, परभणी