नळी बदलली, पण मोजमाप?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मॉडिफाइड सायलेन्सरवरच्या कारवाईच्या बातम्या आपल्या नागपूर आवृत्तीत अधूनमधून येतात. तो आवाज गल्लीभर ऐकू जातो म्हणून त्याची दखल तरी घेतली जाते. टर्बो पेट्रोल गाड्यांना, म्हणजे पंख्याने हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या गाड्यांना, बाजारातला एअर इनटेक (इंजिनात हवा नेणारी नळी आणि फिल्टर) बसवण्याची जी हौस आपल्या शहरातल्या पोरांत आहे, तिचा आवाज शेजाऱ्यापर्यंत फारसा पोचत नाही. त्यामुळे तिच्याबद्दल कोणी लिहीत नाही. मी लिहितो आहे, कारण हे माझ्या घरात घडले.

कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंटेशन विभागात मी ३१ वर्षे काढली. बॉयलरमध्ये कोळसा किती, हवा किती, आणि धुरात ऑक्सिजन किती उरला, हे दाखवणारी यंत्रे बरोबर बोलतात की नाही हे बघणे माझे काम. धुरातला ऑक्सिजन झिर्कोनियाच्या प्रोबने मोजतात. गाडीच्या एक्झॉस्टमध्येही झिर्कोनियाचाच, बोटाएवढा सेन्सर असतो. म्हणून भाच्याची गाडी रुसली तेव्हा मेकॅनिक नसूनही मी बोनेट उघडायचे धाडस केले.

भाच्याने मार्चमध्ये शहरातल्या एका दुकानातून अठरा हजारांना इनटेक बसवून घेतला. कंपनीचा फिल्टरचा डबा काढला आणि त्या जागी चकचकीत ॲल्युमिनियमची नळी आणि तेल लावलेला उघडा, शंकूसारखा फिल्टर लावला. "मामा, पिकअप बघा आता," म्हणत त्याने मला वर्धा रोडला चक्कर मारून आणली. पिकअप खरेच वाढल्यासारखा वाटला. हे मुद्दाम सांगतो, कारण पोरे इथेच फसतात. तीन आठवड्यांत चेक इंजिनचा दिवा लागला. दुकानदाराने स्कॅनर लावून बिघाडाचा कोड पुसला आणि म्हणाला, "काही होत नाही जी, कंप्युटर दोन दिवसात शिकून घेते." पाच दिवसांनी दिवा परत लागला. कोड पी०१७१, म्हणजे इंजिनला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे.

कंप्युटर काय शिकतो, ते समजून घ्यायला हवे. या गाडीत फिल्टरच्या पुढच्या नळीत मास एअर फ्लो सेन्सर आहे. त्यात एक बारीक तापलेली पट्टी असते. जाणारी हवा तिला गार करते, आणि ती पुन्हा तापवायला जितका करंट लागतो त्यावरून कंप्युटर हवेचे वजन काढतो. पण ही पट्टी नळीतली सगळी हवा बघत नाही, मधली एक बारीक धार बघते. बाकीचा हिशेब नळीच्या व्यासावर अवलंबून असतो, आणि तो व्यास कारखान्यातच कंप्युटरमध्ये गृहीत धरलेला असतो. मी व्हर्नियर, म्हणजे व्यास मोजायची पट्टी, लावला. कंपनीच्या नळीचा आतला व्यास ६२ मिलिमीटर, नव्या नळीचा ६६. चार मिलिमीटर डोळ्याला दिसतही नाहीत. पण क्षेत्रफळ १३ टक्क्यांनी वाढले, त्यामुळे तेवढीच हवा सेन्सरपुढून हळू जाऊ लागली. इंजिनात जायची शंभर ग्रॅम, सेन्सर सांगायचा अठ्ठ्याऐंशी.

पेट्रोल कमी पडल्याने धुरात ऑक्सिजन उरतो, मग एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर ओरडतो आणि कंप्युटर वरून पेट्रोल वाढवतो. या वाढीला फ्युएल ट्रिम म्हणतात. गाडीला जोडायच्या हजार-दीड हजाराच्या डोंगलने ती कोणालाही मोबाइलवर दिसते. भाच्याच्या गाडीत रिंग रोडला साठच्या वेगात ती अधिक १३ टक्के होती. माझ्या व्हर्नियरचा आकडा आणि हा आकडा एकच निघाला, तेव्हा शंकेला जागा राहिली नाही.

पण गाडी उभी आणि इंजिन चालू (आयडल) असताना तीच ट्रिम अधिक २३ दाखवत होती. म्हणजे दुखणे आणखी एक होते. इंजिनच्या ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली वाफ परत आत ओढून घेणारा, होज सेन्सरच्या पुढे त्या नव्या नळीला जोडला होता. नळीवरची निपल होजपेक्षा बारीक, आणि जोड आवळला होता चक्क केबल टायने. होज अंगठ्याने दाबून धरला की इंजिनची घरघर थांबायची, बोट काढले की पुन्हा सुरू. सेन्सरला न विचारता हवा तिथून आत शिरत होती. योग्य मापाचा रिड्यूसर (दोन मापे जोडणारा तुकडा) आणि होज क्लिप लावली, साठ रुपयांचे काम. आयडलचा आकडा १४ वर आला. अठरा हजारांच्या कामात साठ रुपयांची क्लिप नसावी, याचा मला आजही राग येतो.

उरलेले तेरा टक्के कंप्युटर भरून काढतोच आहे ना, मग बिघडले काय, असे भाच्याने विचारले. बिघडते ते असे. कंप्युटर हवेच्या आकड्यावरून फक्त पेट्रोल ठरवत नाही, ठिणगी कधी टाकायची तेही ठरवतो. हवा कमी आहे असे वाटले की इंजिनवर भार कमी आहे असे समजून तो ठिणगी लवकर टाकतो. गाडी चपळ वाटते ती यामुळे. खरा भार जास्त, ठिणगी लवकर, त्यात टर्बोचा दाब आणि मे महिन्याची हवा, म्हणजे नॉकिंगला, मिश्रण अवेळी भडकून पिस्टनवर ठोके बसण्याला, निमंत्रण. नॉक सेन्सर सावरतो, पण इंजिन सतत त्या काठावर चालते. पिस्टनच्या माथ्याला त्याची किंमत मोजावी लागते.

आपल्याच शहरातली गोष्ट घ्या. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले आणि देशभर बातमी झाली. तो आकडा इतर केंद्रांशी जुळत नव्हता, आणि सेन्सर बिघडल्याचे हवामान खात्याने नंतर सांगितले. तिथे शंका घ्यायला माणसे होती. इंजिनच्या कंप्युटरला त्याचा सेन्सर जे सांगेल त्यावरच चालावे लागते.

नागपुरात उन्हाचा मुद्दा वेगळा काढूनच बोलायला हवे. उघडा फिल्टर बोनेटखालची हवा ओढतो. बाहेर ४४ अंश असताना व्हरायटी चौकाच्या सिग्नलला आत शिरणाऱ्या हवेचे तापमान मी ७१ वाचले. वर्धा रोडला गाडी मोकळी धावली तेव्हा ते ५२ वर उतरले. चव्वेचाळीसवरून एकाहत्तरवर गेलेली हवा आठ टक्के विरळ होते. टर्बोनंतरची हवा गार करणारा इंटरकूलर थोडे वाचवतो, सगळे नाही. कंपनीचा काळा प्लास्टिकचा डबा दिसायला गरीब असतो, पण तो जाळीमागची बाहेरची हवा घेतो आणि इंजिनच्या धगीपासून ती वेगळी ठेवतो. शिवाय टर्बोचा दाब कंप्युटरच ठरवतो. नळी मोठी केली म्हणून तो दाब वाढवत नाही, टर्बोला तेवढ्याच दाबासाठी जरा कमी ओढावे लागते इतकेच. बाकी वाढतो तो सूं-सूं आवाज.

यावर उपाय म्हणून दुकानदाराने फिल्टर खाली बंपरमागे न्यायचे सुचवले, थंड हवा मिळते म्हणून. २३ सप्टेंबर २०२३ ची पुराची पहाट ज्यांनी अंबाझरी लेआउटमध्ये पाहिली आहे, त्यांना मी काय सांगू? फिल्टर पाण्यात बुडाला की टर्बो ते पाणी आत ओढतो. पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

तेल लावलेल्या या हवेच्या फिल्टरबद्दल एकच सांगतो. धुऊन जास्त तेल लावले तर ते उडून त्या तापलेल्या पट्टीवर बसते आणि सेन्सर खोटे बोलू लागतो. कमी लावले तर आपल्याकडची सिमेंट रस्त्यांची धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर जाते. आणि ती पाती मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतात.

नीट काम करणारे लोक नाहीत असे मी म्हणत नाही. आम्ही शेवटी ज्या ट्युनरकडे गेलो, त्याने गाडीला हात लावण्याआधी नळीचा व्यास विचारला. सेन्सरचा कर्व्ह (सिग्नलवरून हवा काढायचे कोष्टक) नव्याने मांडावा लागेल, मिश्रण नेमके मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर पळवून तपासायच्या यंत्रावर, प्रत्येक टप्प्याला मिश्रण तपासावे लागेल, आणि इतके करूनही उघड्या फिल्टरने मे महिन्यात फायदा दिसणार नाही, असे त्याने तोंडावर सांगितले. गिऱ्हाईक हातचे जाईल हे माहीत असून तो खरे बोलला. भाच्याने जुना डबा आणि जुनी नळी परत बसवली, नवा कागदी फिल्टर टाकला. ट्रिम आता अधिक ३ आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर इतकी मी चालवून घेतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली नोंदणीतले तपशील कंपनीच्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल चालत नाही, आणि कलम १८२अ खाली बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. बसवून देणारा ही गोष्ट पोरांना सांगत नाही. ती त्याने आधी सांगावी. त्याहून माझी साधी मागणी अशी की, इनटेकला हात लावणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने काम करण्याआधीची आणि नंतरची फ्युएल ट्रिम, आयडलची आणि साठच्या वेगाची, बिलावर लिहून द्यावी. पाच मिनिटांचे काम आहे. कोड पुसून गाडी परत पाठवणे बंद व्हावे. आणि आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना स्कॅनरवर कोड वाचण्यासोबत हे आकडे वाचायलाही शिकवावे. ती मुले हुशार आहेत, त्यांना कोणी दाखवत नाही.

ती ६६ मिलिमीटरची नळी माझ्याकडे माळ्यावर आहे. एखाद्या आयटीआयने बोलावले तर नळी, व्हर्नियर आणि डोंगल घेऊन मी स्वखर्चाने येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन,
मानकापूर, नागपूर