तुझा कान चुकत नव्हता

प्रिय मित्रा,

पहिली गोष्ट, गिटार सुखरूप आहे. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं वाचताना तुझा जीव खालीवर होणार. जाताना ती माझ्याकडे ठेवलीस तेव्हा "अधूनमधून वाजवत जा, नाहीतर धूळ खाईल" एवढंच म्हणाला होतास. उघडू नकोस असं काही म्हणाला नव्हतास. मी उघडली. सातआठ वेळा तरी.

सुरुवात त्या गुणगुणीपासून झाली. ॲम्प लावला की तुझी गिटार माशी घोंघावल्यासारखी रडायला लागायची, आणि तू म्हणायचास, सिंगल कॉइल पिकअपचं असंच असतं. काही अंशी खरंच आहे ते. पिकअप म्हणजे तारांची थरथर टिपणारा भाग, चुंबकांभोवती केसाएवढ्या बारीक तारेचे हजारो वेढे, ते आजूबाजूच्या विजेची घरघरही उचलतात. पण तारांवर हात ठेवला की ती घरघर खाली यायला हवी, कारण तारा ब्रिजमार्फत, म्हणजे खालच्या धातूच्या आधारामार्फत, ग्राउंडला जोडलेल्या असतात. तुझ्या गिटारीला हात लावा, न लावा, काही फरक नाही. जॅकच्या, म्हणजे ॲम्पची वायर खुपसतो त्या भोकाच्या, धातूला बोट टेकवलं की मात्र एकदम शांत. म्हणजे वायर मध्येच कुठेतरी तुटलेली. मागचं झाकण काढलं तर काय, ट्रेमोलोच्या (दांडीने तारा ढिल्या-ताठ करणाऱ्या ब्रिजच्या) स्प्रिंगा ज्या पट्टीला अडकवतात तिच्यावरचा डाख निघालेला आणि वायर मोकळी लोंबतेय. किती वर्षं लोंबत होती देव जाणे.

आता डाख लावणं म्हणजे पाच मिनिटांचं काम, असं मला वाटलं. ती पट्टी जाडजूड, दिलेली सगळी उष्णता पिऊन टाकते. माझ्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने डाख वितळायचा, पण पट्टीला न धरता गोळी होऊन घरंगळायचा. एक गोळी थेट माझ्या मांडीवर. शेवटी ६० वॅटचं उसनं आणलं, पट्टी कानशीने घासून घेतली, मग कुठे धरलं. गुणगुण पुरती गेली नाही, पण आता ऐकायला कान लावावा लागतो.

इथेच थांबलो असतो तर हे पत्र पोस्टकार्डावर मावलं असतं. पण गिटार उघडी, तारा उतरवलेल्या, आणि डोक्यात तुझी ती जुनी तक्रार. ट्यूनरवर सहाही तारा बरोबर लागायच्या, हिरवा दिवा यायचा, आणि पहिली कॉर्ड धरली की तुझा चेहरा वाकडा. "बेसूर आहे रे काहीतरी." आम्ही म्हणायचो, ट्यूनर बघ की. तू म्हणायचास, मग माझा कानच फुटका. मला वाटतं त्याच वर्षी तू वाजवणं सोडलंस. खरं ना?

तर ऐक. नव्या तारा चढवून मी बाराव्या फ्रेटवर, म्हणजे दांड्यावरच्या बाराव्या आडव्या धातूच्या पट्टीवर, तपासलं. तिथे तारेला नुसतं बोट टेकवून हार्मॉनिक, म्हणजे घंटेसारखा बारीक स्वर, काढायचा, मग तीच तार तिथे दाबून वाजवायची. दोन्ही स्वर एकच यायला हवेत. सेंट हे स्वरांतला फरक मोजायचं माप, एका फ्रेटचे १०० सेंट धर. तुझी तिसरी तार दाबल्यावर १५ सेंट चढलेली, सहावी त्याहून जास्त. तार दाबताना ती ताणली जाते म्हणून चढतेच, त्यासाठीच ब्रिजवरची सॅडल, म्हणजे तार टेकते तो तुकडा, थोडी मागे सरकवून तारेची लांबी वाढवायची असते. तुझ्या सगळ्या सॅडल मुकाट्याने एका रांगेत उभ्या होत्या. कुणी कधी हलवल्याच नाहीत.

वरच्या टोकाला, तारा ज्याच्या खाचांतून जातात त्या नटचं वेगळंच. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली तर पहिल्या फ्रेटवर कागदाएवढी फट दिसावी. तुझ्या गिटारीत तिथे दोन पत्ते सहज घुसत होते. नटच्या खाचा इतक्या उथळ की पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर बोट ठेवलं की तार ताणून चढलीच, आणि नवशिक्याच्या सगळ्या कॉर्ड तर तिथेच असतात! खाचा बारीक कानशीने खोल केल्या. चौथ्या तारेची जरा जास्तच झाली आणि ती फ्रेटवर आपटून खरखरायला लागली. त्या खाचेत खायचा सोडा भरून वर सुपरग्लूचा थेंब सोडला. क्षणात दगड होतो, मग पुन्हा नव्याने घासायचं. भिंगाखाली दिसेल, नाहीतर नाही.

सॅडल लावण्यात एक अख्खी दुपार गेली. तुझा ट्रेमोलो स्प्रिंगांवर तरंगता. एक तार चढवली की बाकीच्या पाच उतरतात. सहावी लावेपर्यंत पहिली गेलेली.

आणि एवढं करूनही ई कॉर्डमध्ये काहीतरी खटकतच होतं. इथे मात्र दोष गिटारीचा नाही, हिशेबाचा आहे. फ्रेट बसवताना उरलेल्या लांबीला दरवेळी १७.८१७ ने भागतात. तुझ्या ६४८ मिलिमीटरच्या तारेवर पहिला फ्रेट नटपासून साधारण ३६.४ मिलिमीटरवर येतो. त्यामुळे स्वरांमधली सगळी अंतरं सारखी होतात आणि कुठल्याही पट्टीत वाजवता येतं, पण शुद्ध गांधार मिळत नाही; मिळतो तो जवळपास १४ सेंट चढा. ई कॉर्डमधला तो गांधार तिसऱ्या तारेवर असतो. तू काय करायचास आठव: ती तार हळूच उतरवून ई कॉर्ड गोड करायचास. मग जी कॉर्डमध्ये तीच तार मोकळी, षड्ज म्हणून, आणि ती उतरलेली! तू पुन्हा चढवायचास. आम्ही हसायचो. अरे, तू १४ सेंट ऐकत होतास आणि आम्ही हिरवा दिवा बघत होतो.

रविवारी आम्ही चौघं अजून जमतो. वाजवणं कमी, वाद जास्त. मागच्या खेपेला टोनच्या कपॅसिटरवरून, म्हणजे आवाजाची धार कमी करणाऱ्या भागावरून, जुंपली. एकाचं म्हणणं, जुन्या पद्धतीचा कागदी कपॅसिटर लावला की आवाजाला ऊब येते. डोळ्यांवर रुमाल बांधून दोन सारख्याच मूल्याचे ऐकवले, एकालाही ओळखता आले नाहीत. त्याने तरी कागदीच लावला. असो.

तुझी गिटार उघडली म्हणून चिडला असशील तर क्वीन बँडच्या गिटारवादक ब्रायन मेकडे बघ. त्याने आणि त्याच्या वडिलांनी १९६३ साली घरी गिटार बनवायला घेतली. नेकला जुन्या फायरप्लेसचं लाकूड, ट्रेमोलोला मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, त्याच्या दांडीला विणकामाच्या सुईचं टोक. आयुष्यभर मुख्यतः तीच वाजवली. मी तर नुसतीच दुरुस्ती केली.

पुढच्या महिन्यात येतोस तेव्हा घेऊन जा. तिसरी तार मी मुद्दाम दोनतीन सेंट खाली ठेवलीय, ई आणि जी दोघींनाही थोडं थोडं रुसू दे. आणि एक राहिलंच. व्हॉल्यूमच्या नॉबखालच्या पॉटची दोन टोकं माझ्याकडून उलटसुलट जोडली गेली. आता नॉब डावीकडे फिरवला की आवाज वाढतो, तोही सगळा पहिल्याच पाव वळशात, धाडकन. सुधारता येईल, पण त्यासाठी परत उघडावी लागेल. तू सांगशील तसं.

तुझाच,
गिटार उघडणारा