आशाताई, तुम्ही आबांना बाळाचा ढेकर काढायला शिकवलंत

आशाताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही आमच्या गावच्या आशा सेविका, घरोघर आरोग्याचं काम करणाऱ्या. तुमचं नाव इथे लिहीत नाही. पण वाचल्यावर तुम्हाला कळेलच हे कुणी लिहिलंय.

माझी आई जाऊन चार वर्षं झाली. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, हा माझ्या वडिलांचा, आबांचा हट्ट होता आणि मलाही दुसरीकडे कुठे जायचं नव्हतं. माण तालुक्यातल्या त्या घरात आम्ही दोघंच. नवरा चाकणला कंपनीत, शनिवारी रात्री यायचा आणि सोमवारी पहाटे निघायचा. शेजारच्या काकू आंघोळ घालायला येत, बाळंतिणीचं जेवण करून देत, त्यांचेही उपकार आहेत. पण रात्र आमची आम्हालाच काढायची होती.

दवाखान्यातून सोडताना लसींचा कागद दिला, माझ्या गोळ्या समजावल्या. पाजून झाल्यावर बाळाला कसं धरायचं, हे कुणी सांगितलं नाही. मलाही विचारायचं सुचलं नाही.

पाचवीच्या रात्री पूजा झाली, बायका घरी गेल्या. दोनच्या सुमारास मी लेकीला अंगावर पाजलं आणि तशीच खाली आडवी ठेवली. थोड्या वेळात तिच्या नाकातोंडातून दूध आलं. तोंड लालबुंद, आवाज फुटेना. माझे हातपाय गळाले. आबांनी तुम्हाला फोन लावला आणि तुम्ही दुसऱ्या रिंगला उचललात. "कुशीवर करा. तोंड पुसून घ्या. उलटं लटकवू नका, हलवू नका. रडली का?" तेवढ्यात ती रडली. "रंग कसा आहे? ओठ निळे नाहीत ना?" नव्हते. ती शांत होईपर्यंत तुम्ही फोन ठेवला नाहीत. आणि सकाळी सातला, भेटीचा दिवस नसताना, दारात उभ्या होतात.

आधी हात धुतलेत. मग झोळीच्या काट्यावर वजन, काखेत थर्मामीटर, मिनिटभर घड्याळाकडे बघत श्वास मोजलेत. आणि म्हणालात, "आता पाज बघू माझ्यासमोर." मी पाजायला घेतल्यावर चूक तुम्हाला लगेच दिसली. ती नुसतं बोंड तोंडात धरून चुपचुप आवाज करत होती, दुधाबरोबर हवा गिळत होती. तुम्ही तिची हनुवटी माझ्या छातीला टेकवलीत, तोंड मोठं उघडू दिलंत, काळा भाग आत गेला तसा तो आवाज थांबला. ढेकर काढण्याची सुरुवात पाजण्यापासूनच होते, हे मला त्या सकाळी कळलं.

मग तुम्ही आबांना बोलावलंत. हे माझ्या कधीच मनात आलं नसतं. आबा दारात अवघडून उभे, म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं? म्हशीचं पोट फुगलं की गोडेतेल पाजतो आन् डावी कूस चोळतो, एवढंच मला ठाव." तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "आबा, वारा म्हशीच्या पोटात धरतो तसा हिच्याही धरतो. पण हिला चोळायचं नाही, तेल द्यायचं नाही. थापटायचं."

त्यांच्या खांद्यावर धुतलेला पंचा टाकलात. लेकीची हनुवटी खांद्याच्या वर येईल अशी तिला उभी धरायला दिलीत, नाक मोकळं राहील असं मान वळवून. एक हात बुडाखाली. दुसऱ्या हाताची बोटं तुम्ही स्वतः मिटवून तळव्याची वाटी केलीत, नांगर धरून घट्टे पडलेल्या त्या हाताची. "आवाज पोकळ आला पाहिजे. चापट बसल्यासारखा आला तर हात सपाट झालाय." आबा थापटायला लागले, टप, टप, टप, कमरेकडून वर. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला तिनं केवढा मोठा ढेकर दिला! आबा माझ्याकडे वळले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. आई गेल्यापासून त्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

दुसरी पद्धतही तुम्ही दाखवलीत, मांडीवर बसवून थोडं पुढे झुकवायचं, छाती आपल्या तळव्यावर, जबडा अंगठा आणि बोटाच्या बेचक्यात, गळ्यावर दाब नाही. आबांना मात्र खांदाच मानवला.

काकूंनी मला बजावलं होतं, ढेकर आल्याशिवाय बाळ खाली ठेवायचं नाही. त्यापायी पुढच्या रात्री मी पाऊण पाऊण तास बसून राहिले, टाके ठणकत असताना. सातव्या दिवसाच्या भेटीत हे सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "पाच-दहा मिनिटं बघ. नाही आला तर नाही आला, पाठीवर झोपव. अंगावर पिणारं बाळ प्रत्येक वेळी ढेकर देतंच असं नाही." ताई, त्या वाक्यानं मला झोप मिळाली. नंतर माझ्या वाचनात आलं की चंदीगडमध्ये 71 बाळांवर असा अभ्यास झाला होता, 2015 साली तो छापून आला. ढेकर काढल्यानं बाळांचं कळवळून रडणं कमी झालं नाही, दूध बाहेर टाकणं तर वाढलंच. तुम्ही तो वाचला होता की नाही मला माहीत नाही, पण जीव काढून थापटत बसू नका हे तुम्ही आधीच सांगितलं होतंत. आमची लेक मात्र खांद्यावर घेतली की निवायची, म्हणून आम्ही ते सोडलं नाही.

कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हेही तुम्ही वेगळं करून दिलंत. ओठाच्या कडेनं दह्यासारखी गुळणी आली तर पुसून टाकायची. उलटी हिरवी असेल, पुन्हा पुन्हा लांब फेकल्यासारखी होत असेल, बाळ प्यायचं सोडेल, निळं पडेल, तर तडक दवाखाना. मी ते लसीच्या कागदाच्या मागे लिहून ठेवलं होतं. कुणीतरी आणलेली गुटी आणि ग्राइप वॉटरची बाटली तुम्ही कपाटात वर ठेवायला लावलीत, सहा महिने आईचं दूध, बाकी काही नाही. काकू रागावल्या, तुम्ही त्यांच्याशी अर्धा तास बोलत बसलात.

घरी येऊन बाळ बघायची ही पद्धत गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून उभी केली. तिथले बालमृत्यू किती घटले ते 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि 2011 पासून देशभरच्या आशाताई हे काम करू लागल्या. बेचाळीस दिवसांत ठरलेल्या सहा भेटी, आणि त्या सगळ्या मिळून 250 रुपये, हे तुमच्याच तोंडून ऐकलं. पाचवीच्या रात्रीचा फोन आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ तर त्या सहांत धरलेलीही नाही. मला याची लाज वाटते, आणि रागही येतो.

लेक आता आठ महिन्यांची आहे, बसते, ढेकर तिचा तीच देते. तरी दूध प्याली की आबा पंचा खांद्यावर टाकून उभे राहतात आणि तीही दोन्ही हात वर करते.

परवा वरच्या आळीत मुलगा झालाय. तिथे तुमची भेट कधी आहे, आबांनी विचारायला सांगितलंय. त्या घरातल्या आजोबांना ते बरोबर घेऊन येणार आहेत, पंचा धुऊन ठेवलाय.

तुमची,
आबांची लेक