वितळलेले नाणे परत येत नाही

संपादक महोदय,

चोरीस गेलेली दुर्मीळ नाणी आज ना उद्या बाजारात येतात आणि सापडतात, हे आपल्या अंकातील लेखातले विधान वाचून एक नाणेसंग्राहक म्हणून वाईट वाटले, कारण सोन्याच्या नाण्यांच्या बाबतीत ते बरेचदा खरे ठरत नाही. जर्मनीतील मांखिंगच्या संग्रहालयातून नोव्हेंबर २०२२ मध्ये प्राचीन युरोपातील केल्ट लोकांची ४८३ सुवर्णनाणी चोरीला गेली. पुढच्या वर्षी संशयित पकडले गेले तेव्हा हाती लागले ते सोन्याचे ओबडधोबड गोळे, आणि त्यांतला प्रत्येक गोळा चार-चार नाणी वितळवून केलेला असावा, असे तपासयंत्रणेने सांगितले. दोन हजार वर्षे टिकलेला ठसा मुशीत काही मिनिटांत पुसला जातो.

नोटांचे दुखणे वेगळे. अजाण चोर दुर्मीळ नोट दर्शनी किमतीलाच खर्चून टाकतो. मात्र तिच्यावर क्रमांक असतो, त्यामुळे ती ओळखता तरी येते. नाण्याला क्रमांक नसतो. कडेवरची बारीक खोच, ठसा किंचित सरकल्याची खूण, चांदीवर चढलेली निळसर झाक हीच त्याची ओळख, आणि ती मालकाने आधी टिपून ठेवलेली नसेल तर पोलिसांनी नाणे समोर ठेवले तरी ते आपलेच, हे सिद्ध करता येत नाही. म्हणून दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे, वजन आणि खरेदीची पावती संग्रहापासून वेगळी ठेवावी आणि चोरी होताच ती पोलिसांबरोबरच व्यापारी व लिलावगृहांकडेही त्याच दिवशी पाठवावी.

एक नाणेसंग्राहक