कुंडी मी नेलीय

प्रिय आई-बाबा,

दार उघडलं की पिशव्या तिथेच टाकून बाबा आधी गॅलरीत जाणार, म्हणून हे पत्र चपलांच्या स्टँडवरच ठेवतेय. ग्रिलमधली तुमच्या फर्नची सिमेंटची कुंडी चोरीला गेलेली नाही. मी नेलीय.

रागावण्याआधी ऐका. ग्रिलमध्ये जड कुंड्या ठेवू नका अशी सोसायटीची नोटीस लागलीच होती. ग्रिलच्या पट्ट्या गंजल्यात, खाली मुलं खेळतात. शिवाय मुलुंडला आमच्या बाल्कनीत सकाळचं कोवळं ऊन येतं, दहानंतर सावली, म्हणजे त्या रोपाला हवं तसंच.

जाऊ दे, ही सगळी निमित्तं. मार्चमध्ये बाबांनी ती एकट्याने उचलली आणि पंधरा दिवस पट्टा बांधून पडून राहिले. मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही "काही नाही गं, जरा उसण भरलीय" एवढंच. तेव्हाच ठरवलं होतं. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, म्हणून विचारलं नाही.

कुंडी उलटी केली तर आत माती औषधापुरतीच. नुसत्या मुळ्या, आणि त्यांना लटकलेल्या पांढऱ्या गाठी, भिजवलेल्या शेंगदाण्याएवढ्या. एक दाबली तर पाणी सुटलं. आपण गावाला गेलो तरी ते कसं तग धरायचं, ते आत्ता कळलं. आणि बाबा, येणाऱ्या-जाणाऱ्याला तुम्ही ज्याला 'आमचं फर्न' म्हणून दाखवता, ते फर्न नाहीच! नेच्याला कुठे फुलं येतात? याला बारीक पांढरी फुलं येतात, मग लाल मणी. मूळचं दक्षिण आफ्रिकेचं, पण कुळ शतावरीचं. आई, माझ्या बाळंतपणात तू दुधातून कल्प पाजायचीस ना, त्या शतावरीचं हे चुलत भावंड.

ब्रेडच्या सुरीने गड्ड्याचे तीन भाग केले. एक माझ्याकडे, एक तुमच्या गॅलरीत प्लॅस्टिकच्या हलक्या कुंडीत, आणि एक दादासाठी. त्याला फोन तुम्हीच करा, माझा तो उचलत नाही.

कापताना हात थरथरत होता, खरं सांगते. २६ जुलै २००५ला कालिन्याच्या खोलीत पाणी शिरलं, तेव्हा बाबांनी आधी मला कपाटावर बसवलं आणि मग डालड्याच्या डब्यातलं हे रोप माझ्या मांडीत दिलं. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे नंतर शाळेत कळलं. मला आठवतात ते त्याचे काटे. रात्रभर टोचत होते, पण डबा सोडला नाही मी.

आता नीट ऐका. रोज पाणी घालायचं नाही. बोट घालून बघा, वरची माती कोरडी लागली तरच. बशीतलं पाणी ओतून टाका, पावसात डास होतात. कडक उन्हात ठेवलंत तर पिवळं पडून सगळ्या घरात बारीक पानं गळतील आणि आई दिवसभर झाडू मारत बसेल. पिवळी फांदी मधूनच छाटू नका, बुडापासून कापा, म्हणजे खालून नवे कोंब येतात. हातमोजे घाला, त्याच्या चिकाने पुरळ उठू शकतं आणि आईच्या हाताला लगेच उठतं. आमची चिऊ आली की लाल मणी आधीच खुडून टाका. पोटात गेले तर उलट्या-जुलाब होतात.

स्टूल चाकांचं आणलंय. ढकलायचं, उचलायचं नाही. बाबा, तुम्हालाच सांगतेय.

दूध फ्रिजमध्ये आहे, दही लावलंय, टाकी भरलीय. पट्टा कपाटाच्या खालच्या कप्प्यात. डालड्याचा गंजका डबा हलवलेला नाही, माळ्यावरच आहे.

आठवडाभर रोप मलूल दिसेल, लगेच उपटून बघू नका. आणि मला ओरडायचं असेल तर रात्री नऊनंतर फोन करा, तोवर चिऊ झोपलेली असते.

तुमची,
ताई