विषय: ७०२ च्या गच्चीवरील सिमेंट पत्र्यांची कटिंग (चौथे पत्र)

प्रति,
मा. अध्यक्ष

सप्रेम नमस्कार.

आधीच्या तीन पत्रांची पोच मिळालेली नाही. सेक्रेटरी म्हणतात, "फाईलला लावलीत."

रविवारी ७०२ वाल्यांनी गच्चीवरच्या शेडचे जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे ग्राइंडरने कापले. पांढरी भुकटी आमच्या दोरीवरच्या ओल्या चादरीवर आणि तुळशीवर बसली. वॉचमनने उरलेली कोरड्या झाडूने जिन्यातून खाली लोटली. मी हटकले तर म्हणे, "काका, तुम्हाला सगळ्याचाच त्रास." (२०२१ ची गळती, कबुतरांना दाणे, जिन्यातला चपलांचा रॅक, यातले काहीही मी इथे काढत नाही.)

आपण लिफ्टमध्ये म्हणालात की ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होणारा कॅन्सर खाणकामगारांना होतो. तसे नाही साहेब. मेसोथेलिओमाने, म्हणजे बहुधा फुप्फुसाच्या आवरणाच्या कॅन्सरने, ब्रिटनमध्ये आजही वर्षाला २,००० हून जास्त माणसे जातात. त्यांत सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन पुष्कळ. १९४० च्या दशकात जन्मलेले आणि तिशीआधी १० वर्षांहून जास्त सुतारकाम केलेले जे तिथले पुरुष, त्यांच्यात १७ मागे एकाला हा धोका निघाला. लंडनच्या १९६५ च्या अभ्यासात तर या कॅन्सरच्या रुग्णांत ॲस्बेस्टॉसच्या कारखान्याची पायरी न चढलेल्या, फक्त घरच्यांचे कामाचे कपडे धुणाऱ्या बायका सापडल्या. काहींचा गुन्हा एवढाच, की घर कारखान्यापासून अर्ध्या मैलात होते. आणि आजार उगवतो २० ते ५० वर्षांनी. मी ७१ चा, माझे काय! ६०१ ची नात पाच वर्षांची आहे.

एका रविवारच्या धुळीने लगेच कोणी मरत नाही, हे मला कळते. अखंड पत्रा फारसा त्रास देत नाही. कापला की तंतू सुटतात. "पांढरा ॲस्बेस्टॉस चालतो" हे ७०२ चे ज्ञान. जागतिक आरोग्य संघटना सगळेच प्रकार कॅन्सरकारक मानते.

शेजाऱ्यांना उपद्रव होईल असे काही करू नये, असे आपल्या उपविधींत आहे. (पार्किंगचे उपविधी या पत्रात कृपया आणू नयेत.) निम्मी विंग माझ्या बाजूने आहे. सही फक्त ५०३ ने केली, बाकीचे म्हणाले, "तुम्ही द्या, आम्ही आहोतच."

उरलेले नऊ पत्रे पाणी मारून, बोल्ट सोडवून, न तोडता उतरवावेत. जिना झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावा.

चादर मी सौ. ला धुऊ दिलेली नाही. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली आहे. पुढच्या सभेला घेऊन येईन.

आपला,
६०२